हवेविना जळणारी चूल

बालमित्रांनो, वडखळहून अलिबागच्या रस्त्याला लागलात की धरमतरचा पूल येतो. एसटीत खिडकीची जागा मिळाली असेल, तर खाडीकडे जरूर बघा. भरतीचे पाणी साधून लांबट, बसक्या बार्ज डोलवीच्या कारखान्यासाठी माल घेऊन येताना दिसतील. त्या चालतात डिझेलवर. पेणचे गणपती परदेशातल्या मराठी घरी जायला निघतात, ते उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरातून. त्यांना नेणारे अवाढव्य जहाज जाळते काळे, दाट तेल. आणि रोह्याच्या मुलांनो, तुमच्या स्टेशनापासून तर कोकण रेल्वेच सुरू होते! २०२२ पासून हा सारा मार्ग विजेवर चालू लागला. पण आपल्या देशातली बरीचशी वीज कोळसा जाळूनच तयार होते.

म्हणजे बार्ज घ्या, जहाज घ्या, नाही तर गाडी घ्या, कुठे ना कुठे काहीतरी जळत असते. आणि जळायला काय लागते? बरोबर, हवा!

आता एक प्रयोग करून बघा. मोठे कुणी जवळ असतानाच करायचा, बरं का. ताटलीत मेणबत्तीचा तुकडा उभा करून पेटवा. त्यावर काचेचा पेला पालथा घाला आणि एक, दोन, तीन असे मोजायला लागा. थोड्याच वेळात ज्योत लहान होईल, थरथरेल आणि विझेल. मेण संपले का? नाही. वात संपली का? तीही नाही. पेल्यातल्या हवेतला प्राणवायू कमी पडला, इतकेच.

हाच प्रयोग एका लोखंडी पेल्यात होतो असे समजा. पेला शेकडो फूट पाण्याखाली आहे आणि आत माणसे आहेत. त्या पेल्याचे नाव पाणबुडी!

पाणबुडीला धाप लागते

मुंबईच्या माझगाव गोदीत ‘कलवरी’ जातीच्या सहा पाणबुड्या बांधल्या गेल्या. पहिली २०१७ मध्ये नौदलात दाखल झाली, सहावी २०२५ मध्ये. या पाणबुड्या डिझेल आणि वीज अशा दोन्हींवर चालतात. डिझेलचे इंजिन फिरवून मोठमोठ्या बॅटऱ्या भरून घ्यायच्या, मग बुडी मारायची आणि पाण्याखाली त्या बॅटऱ्यांवर चालायचे. पण बॅटरी उतरत आली की इंजिन पुन्हा चालू करावे लागते आणि इंजिनाला हवा हवी. म्हणून पृष्ठभागाजवळ यायचे, एक नळी पाण्याबाहेर काढायची आणि हवा ओढून घ्यायची. पोहताना आपण तोंड वर काढून श्वास घेतो ना, अगदी तस्से.

लपून राहणे हेच जिचे काम, तिने असे वारंवार वर येणे धोक्याचेच. म्हणून शास्त्रज्ञांना हवी होती हवेविना जळणारी चूल. ती त्यांना सापडली अणूच्या पोटात.

कानगोष्ट वर्गभर पसरते तशी

युरेनियम नावाचा एक जड धातू आहे. त्याचा एक प्रकार म्हणजे युरेनियम-२३५. त्याच्या अणूच्या मध्यभागी असलेल्या केंद्रकावर न्यूट्रॉन नावाचा सूक्ष्म कण आदळला की ते केंद्रक फुटते. दोन तुकडे होतात, उष्णता बाहेर पडते आणि आणखी दोन-तीन न्यूट्रॉन सुटतात. ते जाऊन दुसऱ्या केंद्रकांवर आदळतात. तीही फुटतात.

“उद्या सुट्टी आहे” ही कानगोष्ट एकाने दोघांना सांगितली, त्या दोघांनी चौघांना सांगितली, तर सगळ्या शाळेला कळायला कितीसा वेळ लागेल? न्यूट्रॉनचे तसेच आहे. मग त्यांना आवरायचे कसे? वर्गात काही मुले ऐकलेली गोष्ट पोटात ठेवतात, पुढे सांगतच नाहीत. अणुभट्टीतही काही विशिष्ट पदार्थांच्या दांड्या न्यूट्रॉन गिळून टाकतात. दांड्या आत सरकवल्या की साखळी मंदावते, पूर्ण आत सरकवल्या की थांबते. बाहेर ओढल्या की साखळी पुन्हा जोर धरते.

आता गंमत बघा. या सगळ्यात कुठे काही ‘पेटले’ का? नाही. धूर नाही, राख नाही आणि हवेची तर गरजच नाही. आणि उष्णता किती? एक ग्रॅम युरेनियम-२३५ मधले सगळे अणू फुटले, तर सुमारे तीन टन कोळसा जाळल्याइतकी! म्हणून अमेरिकेच्या काही नव्या पाणबुड्यांत इंधन एकदाच भरतात, ते त्यांच्या साऱ्या आयुष्याला, म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ पुरते.

अणूने पंखा कसा फिरतो?

पुष्कळांना वाटते की अणू फुटतो आणि त्या धक्क्याने जहाज पुढे जाते. तसे मुळीच नाही. जहाजातला अणू एकच काम करतो. तो पाणी तापवतो. आपल्याकडे आंघोळीच्या पाण्यासाठी तांब्याचा बंब असतो ना, त्याचाच हा नातेवाईक!

अणुभट्टीतून फिरणारे पाणी सुमारे तीनशे अंशांपर्यंत तापते, तरी उकळत नाही. कारण ते प्रचंड दाबाखाली कोंडलेले असते. आईच्या प्रेशर कुकरमध्ये पाणी शंभर अंशांच्या वर तापते, त्याचे कारणही तेच. हे पाणी अणुभट्टीतून फिरून आलेले असल्यामुळे त्याला बाहेर जाऊ द्यायचे नसते. म्हणून ते नळ्यांमधून नेतात आणि त्या नळ्यांभोवती दुसरे, स्वच्छ पाणी खेळवतात. दुधाचे पातेले गरम पाण्यात ठेवले की दूध तापते, पण पाणी दुधात मिसळत नाही. तसेच हे. या दुसऱ्या पाण्याची वाफ होते, वाफेने टर्बाइनची पाती फिरतात आणि दातेरी चाकांमार्फत जहाजाचा पंखा फिरतो.

टर्बाइन म्हणजे काय, हे रोह्याच्या मुलांना वेगळे सांगायला नको. मुळशीच्या धरणाचे पाणी सह्याद्रीवरून खाली भिऱ्याच्या वीजघरात येते, तिथली टर्बाइन फिरवते आणि मग कुंडलिकेला मिळते. कोलाडला रबरी होड्या उसळतात त्या याच पाण्यावर. भिऱ्याला पाणी पाती फिरवते, पाणबुडीत वाफ फिरवते. फरक तेवढाच.

शिवाय याच वाफेवर वीजही तयार होते. त्या विजेने पाण्यातून प्राणवायू वेगळा काढतात आणि समुद्राचे पाणी गोडे करतात. मग वर येण्याची गरज कशासाठी? बरोबर नेलेले धान्य, डाळी, भाजी संपली म्हणून!

जगातली पहिली अणुपाणबुडी होती अमेरिकेची ‘नॉटिलस’. १७ जानेवारी १९५५ रोजी ती अणुशक्तीवर प्रथमच निघाली. ३ ऑगस्ट १९५८ रोजी ती बर्फाखालून थेट उत्तर ध्रुवावर पोहोचली. डोक्यावर बर्फाचे छप्पर असताना हवा घ्यायला वर कुठून येणार? डिझेलच्या पाणबुडीला हे जमणारच नव्हते.

आपल्या शेजारची गोष्ट

हे सारे लांबच्या देशातले, असे मात्र समजू नका. पेणहून सरळ रेषेत मोजले तर अवघ्या पस्तीस किलोमीटरांवर, खाडीपलीकडे, ट्रॉम्बे आहे. ट्रॉम्बे म्हणजे चेंबूरच्या पुढचे तुर्भे गाव. डॉ. होमी भाभांच्या नेतृत्वाखाली तिथे ‘अप्सरा’ ही भारताची पहिली अणुभट्टी उभी राहिली. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ती सुरू झाली. पाण्याने भरलेल्या खोल हौदात तिचे इंधन बुडवलेले होते.

पुढे याच भाभा अणुसंशोधन केंद्राने पाणबुडीसाठी अणुभट्टी तयार करण्याचे काम अंगावर घेतले. काम भलतेच अवघड होते. जमिनीवरच्या अणुवीजकेंद्राला हवी तेवढी जागा मिळते. पाणबुडीत मात्र सगळे एका अरुंद नळकांड्यात बसवायचे. वर ते हलणार, कलणार, हिंदकळणार! म्हणून आधी तमिळनाडूत कल्पाक्कम येथे जमिनीवरच तशी अणुभट्टी बांधून पाहिली. २००६ पर्यंत ती पूर्ण क्षमतेने चालू लागली. नौसैनिकांना सराव कुठे मिळाला? रशिया तेव्हा सोव्हिएत संघाचा भाग होता. त्या देशाकडून १९८८ मध्ये एक अणुपाणबुडी तीन वर्षांसाठी भाड्याने आणली होती. ‘चक्र’ असे तिचे नाव ठेवले होते.

अखेर २६ जुलै २००९ रोजी विशाखापट्टणमला आपली स्वतःची ‘अरिहंत’ पाण्यात उतरली. पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या पत्नी गुरशरण कौर यांनी तिच्यावर नारळ फोडला. नारळी पौर्णिमेला आपल्याकडचे कोळीबांधव दर्याला नारळ अर्पण करतात, त्याची आठवण व्हावी असाच हा क्षण. अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष त्या वेळी होते आपले मराठी शास्त्रज्ञ डॉ. अनिल काकोडकर. मुंबईच्या रुपारेल महाविद्यालयात आणि व्हीजेटीआयमध्ये शिकून ते भाभा केंद्रात गेले आणि तिथेच पुढे संचालक झाले. अरिहंतच्या वाफेच्या टर्बाइनसाठीची यंत्रणा कुठून आली, सांगू? इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरहून! जिथे उसाचा कारखाना उभा राहिला, त्याच गावातून.

नारळ फुटला, म्हणजे पाणबुडी लगेच निघाली असे नाही. तिची अणुभट्टी सुरू झाली ऑगस्ट २०१३ मध्ये, चार वर्षांनी. आणि ती नौदलात दाखल झाली २०१६ मध्ये. इतका वेळ का लागला असेल? उत्तर पुढे आहे.

विझवली तरी तापणारी

आंघोळी आटोपल्या की बंबातली लाकडे ओढून काढतात, निखाऱ्यांवर पाणी मारतात. बंब गार. अणूच्या चुलीचे तसे नसते.

दांड्या पूर्ण आत सरकवल्या, साखळी थांबली. तरी फुटलेल्या अणूंचे तुकडे अजून ‘शांत’ झालेले नसतात. ते किरणे सोडत राहतात, तापत राहतात. चालू असताना भट्टी शंभर भाग उष्णता देत असेल, तर बंद केल्याच्या क्षणीही सहा-सात भाग निघतच असते. तासाभराने दीडेक भाग उरते. आकडा लहान वाटतो ना? पण इतक्या मोठ्या भट्टीतले दीड भागही इंधन वितळवायला पुरते. म्हणून भट्टी बंद केल्यावरही तिच्यातून पाणी फिरवत राहावेच लागते. हे पाणी थांबले तर?

४ जुलै १९६१ रोजी सोव्हिएत संघाच्या ‘के-१९’ या पाणबुडीत तेच झाले. भर समुद्रात पाणी फिरवणाऱ्या यंत्रणेत गळती झाली. दांड्या आत गेल्या, साखळी थांबली, पण उष्णता वाढतच चालली. तेव्हा काही खलाशी पाळीपाळीने भट्टीच्या कोठडीत शिरले. त्यांनी तिथे नवी नळी जोडून पाणी पोहोचवले. पाणबुडी वाचली, बाकीचे सोबती वाचले. पण आत गेलेल्यांपैकी आठ जण किरणांच्या माऱ्याने पुढच्या काही आठवड्यांत दगावले.

आता कळले ना, चार वर्षे का लागली असतील? अशी भट्टी सुरू करण्याआधी प्रत्येक नळी, प्रत्येक जोड तपासून घ्यावा लागतो. इथे घाई चालत नाही.

मग गणपतींचे जहाज अणूवर का नाही?

तुमच्यापैकी एखादा चुणचुणीत मुलगा नाही तर मुलगी विचारेल, “एवढी भारी चूल आहे, तर सगळीच जहाजे अणूवर का चालवत नाहीत?” प्रश्न अगदी योग्य आहे आणि तो जगानेही विचारून पाहिला आहे.

अमेरिकेने ‘सव्हाना’ नावाचे देखणे अणुजहाज बांधले. माल आणि प्रवासी घेऊन १९६२ पासून ते जेमतेम दहा वर्षे फिरले. इंधन थोडे लागे हे खरे, पण खास शिकलेले खलाशी, खास दुरुस्ती, खास देखरेख यांचा खर्च परवडेना.

जपानची गोष्ट तर तुम्हाला, खाडीकाठच्या मुलांना, नक्की पटेल. त्यांच्या ‘मुत्सु’ या अणुजहाजाची १९७४ मध्ये प्रथमच समुद्रात चाचणी झाली. भट्टीभोवतीच्या संरक्षक कवचात उणीव होती. तिथून किरणे बाहेर येऊ लागली. न्यूट्रॉन गिळणारा बोरॉन भातात मिसळून तो भात तिथे लावण्याची खटपटही खलाशांनी केली! बातमी किनाऱ्यावर पोहोचली आणि कोळी लोक उठले. आमच्या खाडीतली मासळी, शिंपल्या खराब झाल्या तर आम्ही खायचे काय? त्यांनी जहाजाला बंदरात येऊच दिले नाही. सुमारे दीड महिना ते समुद्रातच होते. शेवटी सरकारला बोलणी करावी लागली. पुढे अणुभट्टी काढून टाकली आणि त्याच जहाजाचे समुद्राचा अभ्यास करणारे जहाज केले.

मग अणुजहाजे कुठे टिकली? जिथे दुसरा उपाय नाही तिथे. रशियाच्या उत्तरेला समुद्र गोठतो. तिथे बर्फ फोडत वाट काढणारी अणुजहाजे १९५९ पासून चालतात. ‘लेनिन’ हे त्यांतले पहिले. बर्फात अडकल्यावर तेल द्यायला कोण येणार? ‘आर्क्तिका’ हे दुसरे जहाज १९७७ मध्ये बर्फ फोडत उत्तर ध्रुवावर जाऊन आले.

म्हणजे धरमतरच्या खाडीतल्या बार्जला डिझेल मिळते, हवा मिळते, दोन्ही काठांना माणसांची वस्ती आहे. तिथे ही चूल नको. समुद्राच्या पोटात हवा नाही, बर्फात तेल नाही. तिथे ती कामाची.

आणखी एक जागा अशी आहे, जिथे हवाही नाही आणि तेलही नाही. ओळखा पाहू!

चंद्रावरची थंडी

ती जागा म्हणजे अवकाश. २३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ तुम्हाला किंवा तुमच्या आईबाबांना आठवत असेल. चांद्रयान-३ चे ‘विक्रम’ चंद्रावर उतरले, त्यातून ‘प्रज्ञान’ ही छोटी गाडी बाहेर आली. दोघांनाही वीज मिळत होती सूर्यप्रकाशातून. पण चंद्रावरची रात्र आपल्या चौदा दिवसांची असते आणि थंडी शून्याखाली शंभर अंशांच्याही खूप पलीकडे जाते. सप्टेंबरच्या सुरुवातीला दोघांना झोपवले. रात्र संपल्यावर हाका मारल्या. दोघेही उठले नाहीत. ठरलेले काम त्यांनी आधीच पुरे केले होते, तरी साऱ्या देशाला चुटपुट लागली.

याच मोहिमेत विक्रमला चंद्रापर्यंत पोहोचवणारा जो भाग वर फिरत राहिला, त्यात मात्र भाभा केंद्राने तयार केलेल्या दोन छोट्या ‘शेगड्या’ बसवल्या होत्या. प्रत्येकीची उष्णता फक्त एक वॅट! त्यांच्यात साखळी नाही, दांड्या नाहीत. काही पदार्थांचे अणू आपोआपच हळूहळू फुटतात आणि ऊब देत राहतात. मघाशी जी ‘विझवली तरी तापणारी’ उष्णता आपल्याला नको होती, तीच इथे उपयोगी पडते. अवकाशात यंत्रे गारठू नयेत म्हणून अशा उबेचा कसा उपयोग होतो, हे आपल्या शास्त्रज्ञांनी त्यातून तपासून पाहिले.

अशा उबेपासून वीजही करता येते. अमेरिकेची ‘व्हॉयेजर’ याने १९७७ मध्ये निघाली. त्यांतले पहिले आता २४ अब्ज किलोमीटरांहून दूर गेले आहे. तिथून आपला सूर्य एखाद्या ठळक ताऱ्यासारखा दिसेल. तिथे सौरपट्ट्यांचा काय उपयोग? त्याच्याजवळ आहे प्लुटोनियमची ऊब आणि त्या उबेची वीज. दरवर्षी थोडी थोडी कमी होणारी.

पण लक्षात घ्या, ही वीज यंत्रे चालवते, यानाला ढकलत नाही. ढकलण्यासाठी अणुभट्टी वापरायची तर एक युक्ती आहे. द्रवरूप हायड्रोजन भट्टीतून सोडायचा. तो दोन हजार अंशांहून अधिक तापतो आणि मागे जोरात फेकला जातो. फुगवलेला फुगा तोंड न बांधता सोडला की पळतो ना, तसे यान पुढे जाते. त्याच वजनाच्या इंधनात हे इंजिन नेहमीच्या रॉकेटच्या सुमारे दुप्पट काम देते. म्हणून मंगळाच्या लांबच्या प्रवासासाठी शास्त्रज्ञांचा त्यावर डोळा आहे. अमेरिकेने १९५५ ते १९७३ या काळात नेवाडाच्या वाळवंटात अशी इंजिने जमिनीवर चालवून पाहिली. पण आजवर असे एकही इंजिन अवकाशात उडालेले नाही.

का नाही? खर्च हे एक कारण. दुसरे कारण कॅनडाला विचारा. २४ जानेवारी १९७८ रोजी सोव्हिएत संघाचा ‘कॉसमॉस-९५४’ हा उपग्रह कॅनडाच्या उत्तर भागात कोसळला. त्याला वीज पुरवण्यासाठी त्यात अणुभट्टी बसवलेली होती. किरणोत्सारी तुकडे शेकडो किलोमीटर बर्फावर विखुरले. कडाक्याच्या थंडीत माणसे यंत्रे घेऊन महिनोन्‌महिने ते शोधत होती, तरी सगळे सापडले नाहीत. म्हणून भट्टी नेलीच तर ती दूर, सुरक्षित उंचीवर पोहोचल्यावरच सुरू करावी, असे आता मानतात. सुरू न केलेल्या भट्टीतले ताजे युरेनियम फारसे घातक नसते. घातक असतात ते फुटलेल्या अणूंचे तुकडे.

आता तुम्ही ठरवा

बालमित्रांनो, एक वही घ्या आणि पानावर मधोमध रेघ ओढा. एका बाजूला लिहा ‘हवेविना जळते’, दुसऱ्या बाजूला लिहा ‘विझवली तरी तापते’. मग पुढची प्रत्येक जागा घेऊन विचार करा. तिथे ही चूल न्यावी का? धरमतरची बार्ज. रोह्याहून सुटणारी गाडी. न्हावा-शेव्याचे मालजहाज. उत्तरेचा गोठलेला समुद्र. चंद्रावरची रात्र. मंगळाची वाट.

उत्तरापुढे कारण लिहायला विसरू नका. आणि हो, हे कोडे एकट्याने सोडवू नका. आईबाबांना, आजीआजोबांना विचारा. खाडीत जाळे टाकणारे कुणी ओळखीचे असेल, तर त्यांनाही मुत्सु जहाजाची गोष्ट सांगा आणि ते त्या जागी असते तर काय करते, ते विचारून घ्या. तुमच्या वर्गात या प्रश्नावर दोन तट पडले, तर फारच छान. सरांना किंवा बाईंना सांगून शनिवारच्या तासाला वादविवादच घ्या!